उजव्या पायाची पट्टी डाव्या पायाला

प्रति,
मा. संपादक,

विषय : भयपटातल्या कुत्र्याच्या चुका आणि आपल्या अंकात वारंवार येणारा एक फोटो

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण ‘क्यूजो’ या १९८३ सालच्या इंग्रजी भयपटातल्या कंटिन्युइटीच्या चुकांवर अर्धं पान दिलंत. आधीच्या शॉटात कुत्र्याच्या अंगावर चिखल किती, पुढच्यात किती उरला, रक्त कुठे वाळलं आणि कुठे परत ओलं झालं, असा सगळा हिशोब. मी तो लेख दोनदा वाचला. एकदा सकाळी, आणि पुन्हा दुपारी, कारण सकाळी पोह्यांवरची तर्री नेमकी चिखलाच्या परिच्छेदावर सांडली होती.

लेख चांगला आहे. पण मोजायचं ते मोजायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र.

मी निवृत्त व्रणोपचारक आहे. हा शब्द सरकारी कागदाबाहेर कोणाच्या तोंडी नाही. गावात मला ‘ड्रेसर’ म्हणत, डॉक्टर दौऱ्यावर असले की ‘साहेब’. जनावरांच्या दवाखान्यात जखमा धुणं, पट्टी करणं, बैल पाडून धरणं, सिरिंजा उकळणं, रजिस्टर लिहिणं ही माझी कामं. ज्या वर्षी हा सिनेमा निघाला त्याच वर्षी नोकरीला लागलो आणि एकतीस वर्षं केली, त्यातली बरीचशी काटोल तालुक्यात, संत्र्याच्या बागांमध्ये. आता मानेवाड्याकडे एका ले-आउटमध्ये मुलाकडे असतो. सिनेमातलं मला फारसं कळत नाही. जखमेतलं कळतं.

सिनेमा नातवाने दाखवला. पोट्टा इंजिनिअरिंगला आहे, पण डोकं सगळं शॉर्ट फिल्ममध्ये. आपला लेख वाचून त्याने रात्री लॅपटॉप कूलरसमोर ठेवला आणि दर दोन मिनिटांनी थांबवून मला विचारू लागला, “दिसलं का आबाजी? दिसलं का?” सेंट बर्नार्ड जातीचा भला थोरला, गरीब स्वभावाचा कुत्रा सशामागे धावता धावता एका गुहेच्या तोंडात डोकं खुपसतो आणि त्याच्या नाकाला वटवाघूळ चावतं. पुढे एक बाई आणि तिचा लहान मुलगा बिघडलेल्या फोर्ड पिंटो गाडीत अडकतात. बाहेर कुत्रा, आत उन्हाची भट्टी. खरं सांगतो, नागपूरच्या माणसाला त्यात कुत्र्यापेक्षा बंद गाडीचंच भय जास्त वाटावं. आमच्या घरात तरी तसंच झालं. सौ. शेवटपर्यंत एकच म्हणत होती, “त्या लेकराला कोणी पाणी द्या ना आधी.”

चिखलाचं मला काही दिसलं नाही. मला दिसलं ते हे, की कुत्रा एक नाही. कपाळावरची पांढरी पट्टी, डोळ्याभोवतीचा काळा, ओठांची लोंब, हे कुत्र्यागणिक वेगळं असतं, आणि आम्हा लोकांची नजर आधी तिथेच जाते. नातवाने मोबाइलमध्ये शोधून सांगितलं की बरोबर आहे, कामाला अनेक कुत्रे होते, शिवाय यंत्राचं एक डोकं, आणि काही ठिकाणी तर कुत्र्याचं कातडं घातलेला माणूस. खऱ्या कुत्र्यांची शेपटी बांधून ठेवावी लागली म्हणे, कारण हल्ल्याच्या शॉटातही ती आनंदाने हलायची. तोंडाला फेस दाखवायला अंड्याचा पांढरा बलक आणि साखर लावली, तर कुत्री ती चाटून मोकळी. हे ऐकून मला त्या कुत्र्यांविषयी फार बरं वाटलं.

इथपर्यंत गंमत होती. पण आमच्या पोट्ट्याने तेवढ्यावर न थांबता स्वतःची फिल्म काढायला घेतली. बारा मिनिटांची. नागपूरच्या महाल भागातल्या एका पडक्या वाड्यात पिसाळलेला कुत्रा आणि एकटी मुलगी. मला त्यात ‘डॉग कन्सल्टंट’ नेमलं. मानधन चहा.

कुत्रा आमच्याच ले-आउटमधला, शेरू. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच मारतात तशी त्याच्या डाव्या कानाला व्ही आकाराची खाच आहे. सकाळी सहा ते नऊ शूटिंग, मग ऊन, मग पुन्हा संध्याकाळी पाचला. त्यामुळे मुलगी दारातून पळते तेव्हा लिंबाची सावली एका बाजूला आणि तीच मुलगी उंबरा ओलांडते तेव्हा दुसऱ्या बाजूला. फेसासाठी पोट्टे दाढीचं क्रीम घेऊन आले होते. ते मी हिसकावून घेतलं, त्याच्या पोटात गेलं असतं. मग सौ.ने अंडी फेटली, साखर घातली, आणि शेरूने इंग्रजी कुत्र्यांसारखंच केलं. दोन दिवसांत अकरा अंडी. सौ. म्हणाली, “अंडी खाऊन शेपटी हलवणारा पिसाळलेला कुत्रा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.” तिसऱ्या दिवशी शेरू आलाच नाही. वाड्यातल्या दगडी फरशीपेक्षा त्याला आमच्या कूलरखालची ओल बरी वाटली असावी. पोट्ट्यांनी सक्करदऱ्याहून त्याच रंगाचा दुसरा धरून आणला. रंग तोच, पण कान अखंड. पहिल्या शॉटात खाच, दुसऱ्यात खाच भरून आलेली.

नातवाने याची वहीच केली आणि मला दाखवली. सावली, कान, मुलीच्या ओढणीची गाठ. मी वही वाचली आणि म्हटलं, बाबा रे, याच्यात मुख्य चूक नाहीच.

त्याच्या फिल्ममध्ये कुत्रा मुलीला उजव्या पोटरीला चावतो. पुढच्या प्रसंगात ती ओढणी फाडून पोटरीला घट्ट पट्टी बांधते, आणि ती पट्टी डाव्या पायाला. आमच्या रजिस्टरात उजव्याचा डावा झाला असता तर डॉक्टरांनी मला उभं केलं असतं. पण तेही सोडा. कुत्रा चावल्यावर मुळात पट्टी बांधतच नाहीत. शक्यतो टाकेही घालत नाहीत. जखम उघडी ठेवायची. टाके घालणं अगदी भागच पडलं, तर आधी त्या जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रोगाशी लढणारी तयार प्रतिद्रव्यं, भरायचं आणि मग, तेही उशिरा आणि सैल. कारण विष, म्हणजे रेबीजचा विषाणू, असतं लाळेत, ते जखमेतल्या मज्जातंतूला धरून मेंदूकडे चढतं. आपण वरून दाबून बांधली किंवा सुई खुपसली की त्याला आपणच आत ढकलतो. एकतीस वर्षं पट्ट्या बांधून पोट भरलेला माणूस सांगतो आहे. जिथे पट्टी बांधायची नसते अशी जखम ही एक, आणि सिनेमावाल्यांनी नेमकी तिथेच प्रत्येक वेळी बांधलेली असते. वर ती दातांनी ओढून गाठ मारायची, म्हणजे हिरॉइन शूर.

नातू म्हणाला, “पण पट्टी नसली तर कुत्रा चावला हे प्रेक्षकाला कळणार कसं?”

मी म्हटलं, तिला नळावर ने. साबण लाव. वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धू दे.

“पंधरा मिनिटं? आबाजी, फिल्मच बारा मिनिटांची आहे!”

यावर मला उत्तर सुचलं नाही.

पुढच्या चुका त्याच्या कथेत होत्या, आणि त्या आपल्या लेखातही यायला हव्या होत्या, कारण बहुतेकांना कुत्रा पिसाळणं म्हणजे काय हे सिनेमातूनच कळतं. त्याच्या कथेत कुत्रा महिनाभर वाड्यात धुमाकूळ घालतो. मी विचारलं, महिनाभर जगला कसा? कुत्र्याला विष चढायला आठवडे लागतात, कधी महिने. चावा नाकातोंडावर असेल तर मेंदू जवळ म्हणून वेळ कमी लागतो, आणि तेवढ्यापुरता तो नाकाला चावणाऱ्या वटवाघळाचा प्रसंग बरोबर बसतो. पण एकदा लक्षणं दिसायला लागली की खेळ थोड्या दिवसांचा. दहा दिवसांत कुत्रा मरतोच मरतो. चावणारा कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगतात ते याचसाठी: लाळेत विष असेल तर तो तेवढ्या दिवसांत धडधाकट राहत नाही. (नजरेखाली ठेवा म्हणजे इंजेक्शन घ्यायचं थांबवा असं नव्हे. ते पहिल्याच दिवशी सुरू करायचं.) नातू म्हणाला, “दहा दिवसांत मेला तर माझा क्लायमॅक्स गेला.” मी म्हटलं, गेला.

मग क्लायमॅक्स. मुलगी वाड्यातल्या हौदात उतरते आणि कुत्रा पाण्याला भिऊन मागे सरकतो. हे तर आपल्याकडे घराघरात पक्कं बसलेलं आहे, की पिसाळलेला कुत्रा पाण्याला भितो. ती भीती माणसाची. माणसाला रोग झाला की पाणी पुढे आणलं तरी घशाला झटके येतात. कुत्र्याला पाण्याची भीती नसते. तो पाण्याजवळ जातो, तोंड बुडवतो, फक्त गिळू शकत नाही. बादली पुढे ठेवून परीक्षा घेणारी माणसं मी पाहिली आहेत. कुत्रा बादलीत तोंड घालतो आणि ही मंडळी म्हणतात, पाहा, पाणी पितो आहे, साधाच आहे.

आवाजाचंही तसंच. नातवाने इंटरनेटवरून कसलीशी दणदणीत गुरगुर उतरवून घेतली होती. खऱ्या कुत्र्याचा आवाज बसतो. भुंकणं सुरू होतं आणि मध्येच चिरकून रडल्यासारखं लांबत जातं. ते एकदा ऐकलं की थिएटरची गुरगुर लहान मुलांच्या खेळण्यासारखी वाटते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट सिनेमात येतच नाही, कारण तिच्यात काही घडत नाही. आमचे डॉक्टर दोन प्रकार सांगत, फ्युरियस आणि डंब. पहिला भडक, सिनेमाला लागतो तो. दुसरा मुका. मुका कुत्रा धावत नाही, चावत नाही, कोपऱ्यात पडून राहतो. खालचा जबडा लुळा पडतो, जीभ बाहेर लोंबते, लाळ गळते. पाहणाऱ्याला दया येते. मलाही आली होती.

१९८८चा उन्हाळा. डॉक्टर दौऱ्यावर. सकाळी बैलगाडीत पोत्यावर निजवून एक शेतकरी तांबडा गावठी कुत्रा घेऊन आला. सोबत त्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. “साहेब, याच्या गयात हाडूक अडकलं जी. दोन दिवसापासून पान्यापाशी जाते, पन गियत नाई.” कुत्र्याचा जबडा उघडा. जीभ सुकून तपकिरी झालेली, तिला कडब्याचा एक तुकडा चिकटलेला, आणि खालच्या ओठापासून मुलाच्या चड्डीपर्यंत लाळेची एक तार. मी जबडा वर दाबला, सोडला, तो पुन्हा पडला. तेवढ्यावरून मला समजायला हवं होतं. हातमोजे होते, पण धुऊन पावडर लावून खिडकीत वाळत टाकलेले, आणि खिडकी चार पावलांवर. चार पावलं मी गेलो नाही. डाव्या हाताने वरचा जबडा धरला आणि उजव्या हाताची दोन बोटं घशात घातली.

हाड नव्हतं. निरोग्या कुत्र्याच्या घशात बोटं गेली की घसा आवळतो, आपल्याला बाहेर ढकलतो. इथे काहीच नाही. ओल्या पिशवीत हात घालावा तसं. कुत्रा माझ्याकडे बघत होता. चावायचा त्याने प्रयत्नसुद्धा केला नाही. शेपटी एकदा जमिनीवर आपटली, तेवढंच. मी रजिस्टरात लिहिलं, ‘घशात अडथळा आढळला नाही’, आणि त्यांना संध्याकाळी यायला सांगितलं.

उजव्या तर्जनीवर त्या दिवशी सकाळीच अँप्युल फोडताना काच लागली होती. तिळाएवढी जखम. ती मला आठवली संध्याकाळी, डॉक्टरांनी रजिस्टर उघडून ती ओळ वाचली तेव्हा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. जबडा वर ढकलल्यावर राहत होता का? आणि मोजे घातले होते का? दोन्हीला मी नाही म्हटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं, मला हातपंपावर नेलं, स्वतः पंप मारला आणि कपड्याच्या साबणाने माझा हात कोपरापर्यंत धुवायला लावला. दांडा मारता मारता ते मोठ्याने मिनिटं मोजत होते.

कुत्रा दुसऱ्या दिवशी मेला. डोकं बर्फात घालून नागपूरला तपासायला गेलं, पण निकालाची वाट न बघता आमची तिघांची इंजेक्शनं सुरू झाली होती: मी, शेतकरी आणि तो मुलगा. तेव्हा मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती, पोटात टोचायची, चौदा दिवस. ती आपल्या देशात २००४नंतर बंद झाली, नव्या पिढीला फक्त विनोदात माहीत आहे. बेंबीभोवती घड्याळाच्या आकड्यांसारखी जागा बदलत टोचत. मुलगा रोज माझ्यानंतर आत जायचा आणि आधी विचारायचा, “आज किती वाजले?” मी माझा शर्ट वर करून दाखवायचो. निकाल आला तो हाच, की कुत्रा पिसाळलेला होता. आम्ही तिघेही धड राहिलो. तो मुलगा आता चाळिशीपलीकडे गेला, त्याची स्वतःची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराची एक टोपली दरवर्षी पाठवतो.

हे सगळं मी नातवाला पहिल्यांदाच सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आबाजी, कुत्रा काहीच करत नाही, असा शॉट कोण बघणार?” प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे त्याचंही उत्तर नाही.

‘क्यूजो’च्या शेवटाबद्दल मात्र एक सांगतो, कारण आपल्या लेखकाने ते सोडलं आहे. त्या बाईला कुत्रा चावलेला आहे, चांगला चावलेला आहे. शेवटी नवरा येतो, बाई आणि मुलगा वाचतात, चित्र गोठतं, सिनेमा संपतो. माझ्या लेखी तो सिनेमा अर्ध्यावर तुटला. तिचे पुढचे दिवस कुठे गेले? जखम कोणी धुतली, पहिली सुई कधी, दुसरी कधी? नातवाने सांगितलं की स्टीफन किंग यांच्या ज्या १९८१च्या कादंबरीवरून सिनेमा घेतला तिचा शेवट वेगळा आहे. तिच्यात मुलगा वाचत नाही. पण बाईचे रेबीजचे उपचार पूर्ण झाल्याचं लेखकाने शेवटी लिहिलं आहे. मुलाला वाचवलं म्हणून सिनेमावाल्यांना दोष देत नाही, पण आईची इंजेक्शनं का खाल्ली?

आता आपल्याकडे वळतो. रागावू नये.

गेल्या उन्हाळ्यापासून कुत्रा चावल्याच्या बातम्यांची मी कात्रणं ठेवली आहेत. सवय, दुसरं काही नाही. बातमी नंदनवनची असो, हिंगण्याची असो की कामठीची, आपल्या अंकातला चावणारा कुत्रा एकच. दात विचकलेला, नाकावर आठ्या चढवलेला, मागे परदेशी हिरवळ असलेला जर्मन शेफर्ड. सिनेमावाल्यांना एका कुत्र्यासाठी अनेक कुत्रे लागले. आपण अनेक कुत्र्यांसाठी एकावर भागवता. कंटिन्युइटीच्या दृष्टीने याहून चोख काम मी पाहिलं नाही. पण त्याचा परिणाम असा, की लोक चावणारा कुत्रा म्हणजे तसा दिसणारा असं धरून चालतात. आमच्या शेजारच्या बाईंना गेल्या महिन्यात त्यांच्याच दारात रोज पोळी खाणाऱ्या कुत्रीने पोळी देताना बोटाला दात लावला. थेंबभर रक्त. त्यांनी हळद आणि चुना लावून वर चिंधी बांधली होती. मी विचारलं, दवाखान्यात का नाही गेलात? म्हणाल्या, “ती कुठे पिसाळलेली आहे जी? पिसाळलेली कशी असते ते पेपरात येते ना.” मी त्यांची चिंधी सोडली, हळद-चुना साबणाने धुऊन काढला, आणि त्यांच्या मुलाच्या गाडीवर बसवून सरकारी दवाखान्यात पाठवलं. कुत्री अजून ठणठणीत आहे, रोज पोळी खाते. तरी बाईंच्या सगळ्या सुया मी पूर्ण करून घेतल्या. लाळेत विष येतं ते लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच, त्यामुळे चेहरा बघून ठरवायची सोय कुत्र्याने आपल्याला ठेवलेलीच नाही.

म्हणून विनंती एवढीच, की त्या फोटोची जागा रिकामी करावी. तेवढ्याच जागेत चार ओळी बसतात. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद, चुना, मिरची, तेल काही नाही, पट्टी नाही. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात आता दंडावर कातडीत देतात, पहिला दिवस शून्य धरून शून्य, ३, ७ आणि २८. खोल चावा असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन मागून घ्यायचं. फोटो हवाच असेल तर नळाचा छापा.

नातवाची फिल्म झाली आहे. कानाची खाच तशीच राहिली, सावलीही तशीच. पट्टी त्याने कापली. हौद ठेवला आहे, पण आता कुत्रा हौदापाशी येऊन पाण्यात तोंड घालतो आणि पाणी तोंडातून परत गळतं. हे सक्करदऱ्याच्या कुत्र्याने कसं केलं ते विचारू नका, त्यात पुन्हा अंडी आहेत. शेवटच्या पंचवीस सेकंदांत मुलगी नळाखाली पाय धरून बसलेली आहे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार तारखांना लाल गोल आहेत. मी तारखा मोजून पाहिल्या. चौथा गोल एक दिवस पुढे पडला होता. ते तेवढं त्याने माझ्या सांगण्यावरून परत शूट केलं.

पत्र लांबलं आहे. कापायचं झालं तर काटोलचा भाग कापावा, साबणाचा ठेवावा. नाव छापू नये. घशात हात घातल्याची गोष्ट मी सौ.ला अडतीस वर्षांपूर्वी ‘हाताला काच लागली’ एवढीच सांगितली होती, आणि पोटातल्या इंजेक्शनांना ‘बदलीच्या आधीची तपासणी’ म्हटलं होतं. नातवाने तोंड बंद ठेवायचं कबूल केलं आहे.

आपला,
एक निवृत्त व्रणोपचारक
मानेवाडा, नागपूर

ता.क. : आपल्या त्या फोटोतल्या जर्मन शेफर्डकडे भिंग घेऊन पाहिलं. जबडा घट्ट आहे, जीभ ओली आणि गुलाबी आहे, गळ्यात पट्टा आहे आणि पट्ट्याला बिल्ला आहे. कोणीतरी त्याच्या ताटलीला हात लावला असावा, एवढंच.